काकूंचा राखाडी पट्टा

पुण्यात पत्ता विचारला तर माणूस एक तर अचूक सांगतो, नाहीतर तितक्याच ठामपणे चुकीचा सांगतो. 'मला माहीत नाही' असं कुणी म्हणत नाही. वर्ध्याहून नोकरीला आले त्या पहिल्याच आठवड्यात हे ज्ञान मला पायपीट करून मिळालं होतं. म्हणून भर मीटिंगमध्ये, मान ताठ ठेवून, "मला माहीत नाही," असं म्हणणाऱ्या बाई पाहिल्या तेव्हा मला वाटलं, या इथल्या नसाव्यात. चौकशी केली तर त्या निघाल्या शनिवार पेठेतल्या, तेही जन्मापासून. ते वाक्य त्या ओशाळून म्हणत नसत. सोनाराने दागिना कसाला लावून "हे सोनं नव्हे" म्हणावं, त्या सुरात म्हणत.

त्या म्हणजे आमच्या काकू. त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली, पण आजही कुणी माझ्यासमोर छातीठोकपणे काही सांगायला लागलं की मला त्यांची मान आठवते. आमची कंपनी तेव्हा कर्वेनगरात एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर होती. खाली घरमालक, वर आम्ही. दोन हजार साल उजाडताना जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार या भीतीवर आमच्यासारख्या कंपन्या पोसल्या होत्या. साल उजाडलं, काही बंद पडलं नाही, आणि आमच्यावरच बंद पडायची वेळ आली. तेवढ्यात आमचा साहेब, अजित अभ्यंकर, उत्तरेकडच्या एका थंड देशातून काम घेऊन आला. तिथल्या एका जहाज कंपनीला असा प्रोग्रॅम हवा होता, की ध्रुवाकडे निघालेल्या कप्तानाला पुढचे तीन दिवस समुद्रावरचा बर्फ कुठे असेल ते पडद्यावर दिसावं. हिरवं दिसलं तर जा, लाल दिसलं तर जाऊ नका. करारात एक अट होती. हवामानाच्या जाणकार माणसाने प्रोग्रॅम तपासून त्यावर सही केली पाहिजे.

आमच्यात जाणकार कोण असणार? बर्फ म्हटलं की आम्हाला रसवंतीतला आठवायचा. अजितने शोधून काढल्या त्या काकू. सरकारी कचेरीत आयुष्यभर हवामानाचे नकाशे काढून त्या मुदतीआधी निवृत्त झाल्या होत्या. आल्या त्या पहिल्या दिवशी अजितने उत्साहाने सांगितलं, "आपल्याकडे सर, मॅडम असलं काही नाही. सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात." काकूंनी पर्स टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "मला नावाने हाक मारणारी माणसं आता दोनच उरलीत, आणि दोघींनाही ऐकू येत नाही. तुम्ही मंडळी काकू म्हणा." त्या क्षणापासून त्या काकू झाल्या. अजितला मात्र त्या शेवटपर्यंत 'अहो अभ्यंकर' म्हणत राहिल्या.

काकू येण्याआधी आम्ही प्रोग्रॅमचा सांगाडा उभा केला होता, आणि तो विदर्भातल्या आणि पुण्यातल्या पोरापोरींनी करावा तसाच होता. तापमान घ्यायचं, वाढलं तर बर्फ कमी, उतरलं तर जास्त. काकूंनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग चहा आला. आमच्याकडचा चहा म्हणजे निम्मं दूध, त्यावर साय धरायची. काकूंनी कप पुढे ओढला आणि एका बाजूने हळूच फुंकर घातली. साय सुरकुतली आणि पलीकडच्या कडेला जाऊन गोळा झाली. अलीकडे मोकळा चहा दिसायला लागला.

"चहा गार झाला का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

"साय वितळली का?"

"नाही."

"मग इथली गेली कुठे? संध्याताई, तुमचा प्रोग्रॅम म्हणतोय की ती वितळली." त्यांनी ती जमलेली साय चमच्याने काढून बशीत ठेवली. "समुद्रावरचा बर्फ म्हणजे ही साय. ऊन तिला पातळ करतं हे खरं. पण आज ती कुठे आहे आणि उद्या कुठे असेल, हे वारा ठरवतो. कप्तानाला थर्मामीटर नकोय. त्याला वाट हवीय." आमचा सांगाडा त्या दिवशी मोडला. निनाद नावाचा आमच्यातला हुशार मुलगा दोन दिवस कुणाशी बोलत नव्हता.

मग रोज थोडंथोडं शिकवणं सुरू झालं. दक्षिण ध्रुवाकडच्या गोठलेल्या खंडावरून समुद्राकडे गार वारा सुटला की तो किनाऱ्यालगतचा बर्फ बाहेर ढकलतो, किनाऱ्याशी पाण्याची मोकळी पट्टी उघडते, आणि त्या उघड्या पाण्यावर लगेच नवा, पातळ बर्फ धरायला लागतो. वरून फोटो काढला तर बर्फ वाढलेला दिसतो. निनाद एकदा असा फोटो घेऊन आला आणि म्हणाला, "काकू, यंदा बर्फ जबरदस्त आहे." काकू म्हणाल्या, "मार्केट यार्डात कांदा पसरून ठेवला की गाळा भरलेला दिसतो. पोत्यात भरला की कळतं किती होता ते. पसारा बघून माल ठरवू नकोस." पुढे पुढे तर आम्ही एकमेकांच्या टेबलांनाही 'पसारा आहे, माल नाही' म्हणायला लागलो.

उत्तरेसाठी प्रोग्रॅम तयार झाला आणि अजितने जहाज कंपनीला परस्पर सांगून टाकलं की दक्षिणेलाही हाच चालेल, फक्त अक्षांश बदलले की झालं. काकूंना हे कळलं तेव्हा त्या आम्हा सगळ्यांना घेऊन गच्चीवर गेल्या. पावसाळा सुरू होता, खडकवासल्याकडून सणसणीत वारा येत होता. त्यांनी आम्हाला वाऱ्याकडे पाठ करून ओळीत उभं केलं. "आता तुम्ही बर्फ आहात, आणि आपण उत्तर गोलार्धात आहोत. पृथ्वी फिरते आहे, त्यामुळे वारा ढकलेल तिकडे तुम्ही सरळ जाणार नाही. थोडे उजवीकडे सरकाल. सरका." आम्ही सरकलो. "आता आपण दक्षिणेत आहोत. थोडे डावीकडे."

खाली अंगणात घरमालक कुंड्यांपाशी होते. त्यांनी वर बघून विचारलं, "काय चाललंय तिथे?"

"आम्ही बर्फ आहोत," काकू म्हणाल्या.

"मग वितळायच्या आत खाली या. गच्ची आधीच गळतेय."

त्या डावी-उजवीने किती मोठा घोटाळा होणार होता, हे काकूंनी मग फळ्यावर दाखवलं. दक्षिणेतल्या किनाऱ्यावर पूर्वेचा वारा सुटला की बर्फ पश्चिमेकडे निघतो आणि डावीकडे वळतो, म्हणजे थेट किनाऱ्यावर येऊन ठासतो. आमचा प्रोग्रॅम त्याला उजवीकडे वळवत होता, म्हणजे किनाऱ्यापासून दूर. ज्या घडीला वाट मिटत असेल त्याच घडीला आमचा पडदा ती उघडते आहे असं दाखवणार होता. मी फळ्याकडे बघत वऱ्हाडी वळणाने म्हणून गेले, "म्हणजे बर्फ इकडे सरकून राहिला, अन् आपण तिकडे दाखवून राहिलो." पोरं हसली. काकू हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरोबर बोललीस. तो सरकला नाही, सरकतही नाही, सरकून राहिलाय. थांबत नाही तो." पुण्यात येऊन माझ्या बोलण्याला कुणी बरोबर म्हटल्याची ती पहिली वेळ, आणि मी त्याच दिवशी काकूंची झाले.

त्यांची आणखी एक पद्धत होती, ती मी इतरत्र कुठे पाहिली नाही. चहाच्या वेळी त्या जुन्या नोंदींतून एका दिवसाचा वारा आणि बर्फाचा नकाशा काढत, आणि आमच्यापैकी एकाला कप्तान करत. त्याने जहाज किनाऱ्यापर्यंत न्यायचं. मग पुढच्या दिवशी प्रत्यक्षात काय झालं होतं त्याचा नकाशा उघडायचा. पण जहाज हलवण्याआधी एक अट होती. जहाजावर आपलं एक माणूस आहे असं समजायचं, आणि त्याचं नाव मोठ्याने सांगायचं. "रिकामं जहाज कुणीही हाकेल," काकू म्हणत. मी माझ्या वडिलांचं नाव घ्यायची. त्यांनी समुद्र कधी पाहिलेला नव्हता. सुरुवातीला मी त्यांना किती वेळा बर्फात अडकवलं ते सांगत नाही. एकदा अडकवलं त्या संध्याकाळी मी कारण नसताना घरी फोन केला होता आणि वडिलांनी विचारलं होतं, "सर्व ठीक आहे ना बाई?" निनाद आधी 'कुत्र्याचं नाव चालेल का' वगैरे विचारायचा. काकू म्हणाल्या, "चालेल की. पण बुडवलंस तर घरी जाऊन त्याला सांगायचं." पुढे तोही आईचं नाव घ्यायला लागला, आणि मग त्याचं जहाज क्वचित अडकायचं.

मला त्यांनी वेगळंच एक वळण लावलं. मी घाबरट होते. पुण्यातल्या इंग्रजी शाळेतल्या पोरांपुढे आपण कमी पडू या भीतीने मी प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणायची. शुक्रवारपर्यंत होईल का? हो. हे येतं का? हो. एकदा अजितने असंच काही विचारलं, मी असंच 'हो' म्हटलं, आणि तो गेल्यावर काकूंनी मला जवळ बोलावलं.

"शुक्रवारपर्यंत होईल हे तुला माहीत आहे?"

"नाही."

"मग 'हो' कुणासाठी म्हणालीस?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी डब्यातली भाकरी अर्धी मोडून माझ्यापुढे ठेवली. "अगं, 'माहीत नाही' म्हणायला लाज वाटते तोवर माणूस लहान असतो. ते म्हणता आलं की नोकरीला लागला असं समजावं. जा, त्याला सांगून ये." मी गेले, आणि सांगून आले. आभाळ काही कोसळलं नाही.

एवढं सगळं सांगितलं ते त्या राखाडी पट्ट्यासाठी. काम संपत आलं तेव्हा काकू अजितच्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, "अहो अभ्यंकर, तुमच्या पडद्यावर एक रंग कमी आहे." त्यांचं म्हणणं साधं होतं. वारा एका दिशेने स्थिर असेल तेव्हा तीन दिवसांचा बर्फ सांगता येतो. पण एका पाठोपाठ दोन वादळं येत असली, त्यातलं दुसरं नेमकं कुठून जाईल हे ठरलेलं नसलं, तर वारा कुठेही फिरू शकतो, आणि त्याच्यामागे बर्फही. अशा जागी हिरवा नको आणि लालही नको. तिथे राखाडी हवा. राखाडी म्हणजे सांगता येत नाही.

"काकू, लोक पैसे उत्तरासाठी देतात," अजित म्हणाला.

"मग उत्तर आहे तिथे देतोय की आपण."

"गिऱ्हाईक विचारेल, हे राखाडी काय आहे?"

"सांगा त्याला, इथे जागं राहायचं."

अजित वाईट माणूस नव्हता, हे सांगितलं पाहिजे. वर बसलेल्या आम्हा सगळ्यांचे पगार त्याच्या डोक्यावर होते, आणि ते काम गेलं असतं तर कंपनी गेली असती. त्याने काकूंना समजावलं, विनवलं, मग आवाज चढवला. काकूंनी सहीच्या कागदाकडे नुसतं पाहिलं आणि तो उलटा करून ठेवला. "राखाडीशिवाय माझी सही नाही. दुसरं कुणी मिळतंय का बघा. मिळेल. पुण्यात सह्या करणारी माणसं कमी नाहीत." चार-पाच दिवस बंगल्यात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. काकू रोज वेळेवर येत, स्वेटर घालून एसीखाली बसत, आणि राखाडी पट्टा कुठून कुठपर्यंत रंगवायचा याचं गणित माझ्याकडून घोटून घेत. पट्टा प्रोग्रॅममध्ये येणार की नाही याचा पत्ता नव्हता. मी तसं विचारलं. म्हणाल्या, "यायचा तेव्हा येईल. आला त्या दिवशी चुकीचा नको यायला."

मग एका दुपारी चहाच्या वेळी काकूंनी अजितला हाक मारली आणि कप्तान व्हायला सांगितलं. तो आजवर कधी खेळला नव्हता. सगळे बघत होते म्हणून हसत हसत बसला. "जहाजावर कोण आहे?" काकूंनी विचारलं. अजितचा मुलगा तेव्हा खडकवासल्याला संरक्षण प्रबोधिनीत शिकत होता, पुढे नौदलात जायचा होता. अजितने त्याचंच नाव सांगितलं, आणि सांगताना थोडा थांबला. पडद्यावर राखाडी बंद केलेला प्रोग्रॅम होता. किनाऱ्याजवळ जमिनीवरच्या वाऱ्याने उघडलेली पाण्याची पट्टी, स्वच्छ हिरवी. अजितने जहाज त्या पट्टीत घातलं आणि किनाऱ्यापाशी नेऊन उभं केलं.

काकूंनी पुढच्या दिवसाचा नकाशा उघडला. मागून आलेलं वादळ अंदाजापेक्षा दूरवरून, खुल्या समुद्रावरून गेलं होतं, त्यामुळे त्याच्या किनाऱ्याकडच्या अंगाला वारा पूर्वेचा झाला होता, आणि सगळा बर्फ येऊन किनाऱ्याला भिडला होता. पट्टी नव्हतीच. जहाज होतं तिथे नुसता पांढरा रंग होता.

अजितने खुर्ची मागे सरकवली. "नक्की आहे का, हे विचारायला हवं होतं," तो म्हणाला.

"कुणाला विचारणार होतात?" काकू म्हणाल्या. "पडदा तर हिरवा होता."

त्यांच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता. उठताना त्या एवढंच म्हणाल्या, "पोराला आज फोन करा. उगाच." अजितने राखाडी पट्टा ठेवला. काकूंनी सही केली. जहाज कंपनीने कुरकुर करत तो मान्य केला, आणि आमच्या बंगल्याला आणखी काही महिन्यांचं आयुष्य मिळालं.

गोष्ट इथे संपली असती तर काकू जिंकल्या असं म्हणता आलं असतं. पण त्याच वर्षी दक्षिणेतल्या उन्हाळ्यात आमचा प्रोग्रॅम घेऊन पहिलं जहाज तिकडे गेलं. किनाऱ्यावरच्या तळावर माणसं बदलीची वाट बघत होती. जहाज बर्फाच्या बाहेर येऊन उभं राहिलं, आणि समोरच्या मोकळ्या पट्टीवर आमच्या पडद्याने राखाडी रंग भरला. एका सकाळी आमच्याकडे थेट जहाजावरून फोन आला. कप्तान म्हातारा होता, त्याचं नाव आम्हा कुणाला नीट उच्चारता येत नसे. त्याच ओळीवर त्याच्या कंपनीची माणसंही होती, आणि ती चिडलेली होती. थांबण्याचा प्रत्येक दिवस म्हणजे इंधन. समोर पाणी दिसतंय, ऊन पडलंय, मग तुमचा प्रोग्रॅम तोंडात मिठाची गुळणी धरून का बसलाय?

फोन टेबलावर होता, आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. अजितने काकूंकडे बघून दोन्ही हात जोडले. 'हो म्हणा' एवढाच त्याचा अर्थ होता. काकू फोनच्या जवळ वाकल्या आणि शाळेत घोटलेल्या स्वच्छ इंग्रजीत, एकेक शब्द वेगळा करत म्हणाल्या, "कप्तानसाहेब, उद्या दुपारपर्यंतचं मला माहीत आहे. वाट उघडी राहील. त्यापुढचं मला माहीत नाही. मागे एक वादळ आहे. ते किनाऱ्यापासून दूर, खुल्या समुद्रावरून गेलं तर वारा पूर्वेचा होईल आणि तुम्ही आत असताना वाट मिटेल. किनाऱ्याच्या जवळून गेलं तर काहीच होणार नाही. यातलं काय होईल, मला माहीत नाही. इथे कुणालाच माहीत नाही."

मग कप्तान म्हणाला, "मी थांबतो."

आणि वारा फिरला नाही. वादळ किनाऱ्याजवळून निघून गेलं, पट्टी उघडीच राहिली. कप्तानाने पुरती खात्री होईपर्यंत वाट पाहिली, मग आत गेला, माणसं उतरवली, आणली, काहीही न होता परत आला. जहाज कंपनीचा निरोप आला की थांबलेले दिवस फुकट गेले, पुढच्या आवृत्तीत राखाडी रंग नको. अगदीच हवा असेल तर कुठेतरी आत लपवून ठेवा, पण मुळात तो बंद असला पाहिजे. नाहीतर काम दुसरीकडे जाईल.

अजितने काकूंना बोलावलं. मीही तिथे होते. या वेळी तो चिडलेला नव्हता, थकलेला होता. "काकू, तुमचा वारा आलाच नाही."

"नाही आला. बरं झालं," काकू म्हणाल्या. "मी येणार असं म्हटलं नव्हतं."

"सही?"

"नाही."

"या वेळी मला दुसरी वाट नाही हो."

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. एवढ्या दिवसांत अजितला त्यांनी इतक्या मायेने उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं. "तुमच्या जागी तुम्ही बरोबर आहात. पण आज वारा आला नाही म्हणून माहीत नसलेलं माहीत झालं, असं मी लिहून देणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. निरोपाचा केक आणायचं ठरत होतं, त्यांनी फोनवर सांगितलं, "मी अजून मेले नाही, आणि माझा वाढदिवसही नाही. केक कशाचा?" दुसरे एक जाणकार आले. त्यांनी दोन बैठकांत सही केली. राखाडी पट्टा प्रोग्रॅमच्या पोटात इतका खोल गेला की तो शोधायचा तर आमच्यापैकीच कुणाला तरी विचारावं लागे. मी काकूंकडे अधूनमधून जायची. घरी त्या रेडिओ ऐकत, भाजी निवडत, आणि कामाचं अवाक्षर काढत नसत. मला फार एकटं वाटायचं तेव्हा. ऑफिसात बसून 'हो' म्हणणं पुन्हा सोपं झालं होतं, आणि ते मी म्हणत नव्हते, त्याची किंमत रोज मोजत होते.

पुढच्या वर्षी दक्षिणेचा उन्हाळा सुरू झाला आणि त्या म्हाताऱ्या कप्तानाची मेल आली. कंपनीकडून नव्हे, त्याच्या स्वतःकडून, जहाजावरून. लिहिलं होतं, नव्या आवृत्तीत राखाडी दिसत नाही, काही बिघाड झाला आहे का? गेल्या खेपेला मी थांबलो आणि वारा फिरला नाही, त्याबद्दल कंपनीने मला पुष्कळ ऐकवलं. पण त्या सकाळी पुढे काय होणार हे मला खरोखर माहीत नव्हतं, आणि माझ्यासमोरच्या यंत्रालाही ते माहीत नव्हतं, आणि यंत्राने ते कबूल केलं. हिरवा दाखवणारी यंत्रं माझ्याकडे भरपूर आहेत. तो रंग मला परत द्या. आणि फोनवर बोललेल्या बाईंना माझा नमस्कार सांगा.

मी गच्चीवर जाऊन काकूंना फोन लावला आणि मेल वाचून दाखवली.

"त्याचे तेव्हा दिवस फुकट गेले होते ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि तरी मागतोय?"

"हो, काकू."

काकू रडत होत्या. मोठ्याने नाही, श्वास अडकत होता, तेवढंच ऐकू येत होतं. मीही रडले, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. मग त्यांनी घसा साफ केला. "मग बसलीस काय बोलत? माणूस समुद्रावर आहे. देऊन टाक त्याला."

"तुम्ही परत या," मी म्हणाले. त्यावर त्यांनी दोन वाक्यं सांगितली आणि फोन ठेवला.

खाली आले तर अजित माझ्या टेबलापाशी उभा होता. मेल त्यालाही गेली होती. "काकू येतायत का?" त्याने विचारलं.

"नाही."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, आता कप्तान स्वतःच मागतोय. मग माझं तिथे काय काम?"

अजित पडद्याकडे बघत राहिला. पडद्यावर दक्षिणेचा किनारा होता, कडेपासून कडेपर्यंत हिरवा. तो म्हणाला, "पट्टा मुळातच चालू ठेव, संध्या. सगळ्यांना. ज्याला नको असेल, त्याने शोधून बंद करावा."